ड्रम कुणाचे, आवाज कुणाचा?

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघांची ती डोंगररांग तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असणारच. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर ती टांगलेली दिसते, कॉलेजातल्या पोरापोरींच्या अंगावर दिसते. सीपी १९१९ या पल्सारकडून आलेल्या रेडिओ स्पंदनांचा तो आलेख. जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडने तो खगोलशास्त्राच्या एका कोशातून उचलला, पीटर सॅव्हिलने रंग उलटे करून काळ्यावर पांढरा केला आणि जून १९७९ मध्ये बँडचा पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स' हे मुखपृष्ठ लेऊन बाहेर पडला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

बँडचं नाव आज पुष्कळांना ठाऊक आहे. ज्याच्या हातून तो अल्बम घडला त्या मार्टिन हॅनेटचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. हॅनेट मँचेस्टरचाच, जन्म ३१ मे १९४८, शिक्षण रसायनशास्त्राचं, हातात बेस गिटार. इंग्लंडात पंक उगवलं तेव्हा तो रेकॉर्ड प्रोड्युसर झाला. कुठला टेक ठेवायचा, कुठलं वाद्य पुढे आणायचं, गाण्याभोवती किती मोकळी जागा सोडायची हे तो ठरवायचा. बझकॉक्स, जॉय डिव्हिजन, मॅगझीन, द डुरुटी कॉलम, इएसजी, न्यू ऑर्डर, हॅपी मंडेज, या सगळ्यांच्या रेकॉर्डवर त्याचा हात फिरला. १८ एप्रिल १९९१ रोजी हृदय बंद पडून तो गेला, तेव्हा ४२ वर्षांचा होता.

माझी भाची ड्रम वाजवते. पुण्यात तिचा स्वतःचा बँड आहे. मी टेपच्या काळातला ध्वनिमुद्रक. हॅनेट या विषयावर आमचं जमत नाही. दिवाळीत ती घरी आली तेव्हा झालेला वाद मी लिहून काढला आणि तिला वाचायला दिला. जिथे मी तिचं बोलणं मवाळ केलं होतं, तिथे तिने ते पुन्हा तिच्या शब्दांत लिहिलं आहे.

ती: मामा, तुझं कौतुक सुरू व्हायच्या आधी हे बघ.

तिने प्रॅक्टिस पॅड पुढ्यात ओढलं. डाव्या हातातली स्टिक पॅडवर, ती स्नेअर. उजव्या हातातली स्टिक, जी एरवी हाय-हॅटवर पडते, ती स्वतःच्या मांडीवर. एक मिनिटभर तिने तसा ठेका धरला. मग थांबून जीन्सवरून मांडी चोळली.

ती: स्टीफन मॉरिसला हे तासन्‌तास करावं लागलं. जॉय डिव्हिजनचा ड्रमर, तेव्हा २१ वर्षांचा. ज्या गाण्यांवर हॅनेटची भिस्त होती त्यांत तो मॉरिसला एका वेळी एकच ड्रम वाजवू द्यायचा. ड्रमरचं अंग असं तुकड्यातुकड्यांत चालत नाही रे. दोन हात, दोन पाय मिळून एक ठेका होतो. म्हणून जे ड्रम वाजवायचे नाहीत ते तो हलकेच मांडीवर वाजवून घ्यायचा. त्याच्या मांड्या काळ्यानिळ्या पडायच्या असं त्याचे सोबती सांगतात. आणि हे करवून घेणाऱ्याला आपण थोर म्हणायचं?

मी: कष्ट मॉरिसचे होते, त्यात वादच नाही. पण हॅनेटला ते का हवं होतं ते ऐक. ड्रम सेटला पाच-सहा माइक लावले तरी प्रत्येक माइक शेजारचं ऐकतोच. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट शिरते, टॉमच्या माइकमध्ये झांज शिरते. मग स्नेअरवर काही प्रयोग करायला जावं, तर तिच्यात मिसळलेल्या हाय-हॅटवरही तोच प्रयोग होतो. त्याला स्नेअर एकटी हवी होती. तिचं तो जे करणार होता, ते त्याआधी फारसं कुणी केलेलं नव्हतं.

ती: म्हणजे तुझं ते डिले.

मी: हो. मँचेस्टरच्या उत्तरेला बर्नली नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथे एएमएस नावाच्या छोट्या कंपनीने डिजिटल डिले बनवलं. तोवर प्रतिध्वनी बहुतेक ठिकाणी टेपवर करायचे. आम्हीही तसाच करायचो. टेपवरचा प्रतिध्वनी दर फेरीला मळत जातो, वरचे सूर झिजतात. या नव्या यंत्रात आवाजाचे आकडे होतात, ते चिपमध्ये थांबतात आणि काही हजारांश सेकंदांनी जसेच्या तसे बाहेर पडतात. मूळ ठोका आणि त्याचा तितकाच धारदार प्रतिध्वनी यांतलं अंतर पुरेसं कमी ठेवलं की कानाला दोन ठोके कळतच नाहीत. एकच ठोका ऐकू येतो, पण असा, की जणू एखाद्या अनोळखी, रिकाम्या, टणक भिंतींच्या खोलीत वाजलाय. हे यंत्र आधी हाताळणाऱ्यांत हॅनेट होता. १९७९ च्या एप्रिलमध्ये, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत, त्याने तो ठोका टेपवर आणला. आज तू कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये स्नेअरवर डिले टाकतेस ना, त्याचं मूळ तिथे जवळपास आहे.

ती: यंत्र, खोली, भिंती. माणसं कुठे आहेत यात? पंक कशासाठी आलं होतं? ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजले. श्रोते मोजकेच. त्यांत जॉय डिव्हिजनचा पुढचा गिटारवाला बर्नार्ड समनर होता, बेसवाला पीटर हुक होता. हुकने दुसऱ्याच दिवशी जाऊन बेस विकत घेतली. वाजवता येत नव्हती! पंक म्हणजे हेच तर. येत नसलं तरी वाजव, तुझं म्हणणं तूच मांड, कुठल्या जाणकाराची परवानगी मागू नकोस. आणि तीन वर्षांनी त्याच हुकच्या डोक्यावर एक जाणकार येऊन बसला. मिक्स चालू असताना हुक आणि समनर मागून 'गिटार वाढव, ड्रम वाढव' म्हणायला लागले, की हा एसी इतका वाढवायचा की पोरं कुडकुडत बाहेर जायची. स्वतःच्या अल्बमच्या मिक्समधून बाहेर.

मी: त्याच जाणकाराने ब्रिटिश पंकच्या अगदी पहिल्या स्वतंत्र रेकॉर्डपैकी एक घडवली होती, हे कसं विसरतेस? २८ डिसेंबर १९७६, मँचेस्टरचा इंडिगो स्टुडिओ. बझकॉक्सच्या पोरांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड जमवले. चार गाणी काही तासांत उरकली. 'स्पायरल स्क्रॅच' जानेवारी १९७७ मध्ये त्यांच्याच न्यू हॉर्मोन्स लेबलवर निघाली. आधी १,००० प्रतीच छापल्या होत्या, शेवटी खप १६,००० च्या घरात गेला. प्रोड्युसरचं नाव मार्टिन झीरो. तो हॅनेटच. आणि वेष्टणावर प्रत्येक गाण्यापुढे छापलंय, हा कितवा टेक, त्यात नंतर काय भरलं. एका गाण्याचा तिसरा टेक, नंतर काहीही भरलेलं नाही. बाकीच्यांचा पहिला टेक, वर गिटारची एक पट्टी. इतका उघडा हिशोब त्याआधी कुणी श्रोत्यापुढे ठेवला होता?

ती: मी तेच म्हणतेय! तिथे सगळं उघड होतं. 'स्पायरल स्क्रॅच' ऐकली की वाटतं, अरे, हे मलाही जमेल. आमचा बँड त्यातूनच उभा राहिला. 'अननोन प्लेझर्स' ऐकली की वाटतं, हे आपल्याला जन्मात जमायचं नाही. पंकने रेकॉर्डिंगचं जे गुपित फोडलं, ते हॅनेटने पुन्हा कुलपात टाकलं. दोन-सव्वादोन वर्षांत.

तिच्या सगळ्या मुद्द्यांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो मी टाळणार नाही. कला खुली करणारे आणि कला खोल करणारे, दोघांचीही गरज असते, असं म्हणून वाद मिटवता येतो, पण मला ते पुरेसं वाटत नाही. कारण या प्रकरणात दोन्ही कामं एकाच माणसाने केली, आणि ती करताना त्याने कान एकच वापरला. त्याचा पुरावा जॉय डिव्हिजनच्या गाण्यांतच आहे.

मी: बझकॉक्सच्या गाण्यांत फट नव्हती. वेगात, दाटीवाटीने, धापा टाकत ती जातात. तिथे हॅनेटने फक्त टेप नीट चालवली. जॉय डिव्हिजनची गाणी मुळातच पोकळ होती, चांगल्या अर्थाने पोकळ. हुकचा अ‍ॅम्प भिकार होता, समनरच्या गिटारच्या गोंगाटात त्याला स्वतःची बेस ऐकू येईना, म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला. म्हणजे चाल बेसकडे गेली. समनर आखडता हात घेऊन वाजवायचा. इयन कर्टिसचा आवाज खाली, जड. मधली सगळी जागा मोकळी. आणि रंगमंचावर ती जागा ते आवाजाच्या जोरावर भरून काढायचे. हॅनेटने फक्त ती भरू दिली नाही.

ती: 'फक्त'?

मी: बरं, 'फक्त' काढतो. पण हॅनेटच्या आधी हा बँड टेपवर कसा ऐकू यायचा ते तू ऐकलंयस. डिसेंबर १९७७ मध्ये ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत त्यांनी स्वतःच्या जिवावर 'अ‍ॅन आयडियल फॉर लिव्हिंग' केली. चार गाणी सात इंची तबकडीवर कोंबली, आवाज दबला. मे १९७८ मध्ये दुसऱ्याच लोकांबरोबर अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, त्यांनी वर सिंथेसायझर चढवला, बँडला तो सोसेना, अल्बम पडून राहिला. तीच चार पोरं. कच्चं ठेवलं की आपोआप खरं होतं, असं नसतं गं. माइक कधीच निष्पक्ष नसतो. कुठे ठेवायचा, हे कुणीतरी ठरवतंच.

ती: आणि १९७७ ते १९७९ या काळात त्या चार पोरांनी काहीच केलं नाही? गावोगावचे हॉल, पब, रिकामे क्लब, सगळीकडे वाजवत सुटले होते. बँड वाजवून वाजवून तयार होतो, मामा. तयार झालेला बँड हॅनेटच्या हाती आला आणि श्रेय त्याला गेलं. पॅरिसचा कार्यक्रम ऐक. १८ डिसेंबर १९७९, ले बँ दूश. तिथे हॅनेट नव्हता, त्याचं डिले नव्हतं. मॉरिस सगळा सेट एकत्र वाजवतोय, आणि काय वाजवतोय! समनरची गिटार अंगावर येते. हुक आणि समनर अल्बम ऐकून चिडले होते ते याचसाठी. आमचा रॉक बँड कुठे गेला, असं त्यांना झालं.

मी: हुकने पुढे मान्य केलं की तो अल्बम काळावर टिकला तो हॅनेटमुळे.

ती: हो, आणि चिडणंही त्याने कधी मागे घेतलं नाही. दोन्ही खरं असू शकतं.

इथे आम्ही दोघांनी चहा घेतला आणि पॅरिसचं ध्वनिमुद्रण लावलं. मला ते फार आवडतं. पण मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगतो. पॅरिसमध्ये बँड तुमच्या समोर उभा आहे. अल्बममध्ये समोर कुणीच नाही. काच फुटते, जुन्या लिफ्टची घरघर येते, कर्टिसचा आवाज एका गाण्यात टेलिफोनच्या तारेतून घेतलेला आहे, दुसऱ्या एका गाण्यात मॉरिस टेपचं हेड साफ करायचा फवारा ठेक्यावर उडवतो. यातलं एकही मंचावर शक्य नाही. कार्यक्रमाची नोंद म्हणून तो अल्बम मोजला तर तो खोटा ठरेल. तो नोंद नाहीच. ती टेपवर रचलेली स्वतंत्र कृती आहे आणि तिला पाच कर्ते आहेत.

ती: सहा. क्रिस नेगलला विसरलास. स्ट्रॉबेरीतला ध्वनिमुद्रक. कन्सोलवर तो बसला होता. तू तर त्याच धंद्यातला.

सहा. तिचं बरोबर आहे आणि ही दुरुस्ती मी आनंदाने ठेवली आहे.

मी: आता एक उलटं उदाहरण. १९८१, इएसजी. साउथ ब्राँक्सच्या बहिणी. बेस, ड्रम, काँगा, गळा. तिथे हॅनेटने काय केलं? जवळजवळ काहीच नाही. थोडी खोली दिली, बाकी हात लावला नाही. त्यातलं 'यूएफओ' पुढे हिपहॉपवाल्यांनी इतक्या वेळा उचललं की मोजदाद नाही. आणि द डुरुटी कॉलमच्या पहिल्या अल्बमला, त्याने यंत्रातून पाखरांची किलबिल आणि एक ठेका काढला, व्हिनी रायलीने त्यावर गिटार धरली, गाणं उभं राहिलं. ज्याला सगळीकडे स्वतःचाच शिक्का मारायचा असतो तो असं करत नाही.

ती: हे मी मान्य करते. इएसजी ऐकताना मला हॅनेट आठवतही नाही, आणि त्याचं हेच काम मला सगळ्यात आवडतं. पण म्हणूनच विचारते. त्याला हात आवरता येत होता, मग मॉरिसवर का आवरला नाही? 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'च्या वेळी झोपलेल्या मॉरिसला मध्यरात्रीनंतर फोन करून बोलावलं, स्नेअर पुन्हा वाजवायला. २००२ च्या '२४ अवर पार्टी पीपल' सिनेमात हॅनेट ड्रमरला छतावर नेऊन बसवतो, आणि लोक हसतात. ड्रमर म्हणून मला हसू येत नाही. वेडा प्रतिभावंत म्हटलं की माणसाला काहीही माफ होतं, आणि ज्याची झोप गेली त्याचं नाव किश्शात उरतं.

याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही. स्टुडिओत वादकाला ताटकळत ठेवणारे, टॉकबॅकवर एक शब्द न सांगता 'पुन्हा' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या हातून काही घडलं नाही. हॅनेटच्या हातून घडलं. त्यामुळे त्याचं वागणं बरोबर ठरत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं पूर्ण एकमत आहे. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, इयन कर्टिसने जीव दिला. तो २३ वर्षांचा होता, त्याला अपस्मार होता, झटके वाढत चालले होते. दुसरा अल्बम 'क्लोजर' मार्चमध्येच लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत पुरा झाला होता, तो जुलैमध्ये आला. तेव्हापासून लोक हॅनेटच्या प्रत्येक प्रतिध्वनीत मरण ऐकतात.

ती: याचा मला मनस्वी राग येतो. आजारी मुलाचं दुःख रिव्हर्बमध्ये शोधायचं! ती गाणी नाचायचीसुद्धा आहेत. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल'चा ठेका वाजवून बघ, अंग हलतंच.

मी: आणि तो नाच हॅनेटने काढून घेतला नाही. उलट, ड्रम एकेकटे घेतल्यामुळे ठेका यंत्रासारखा नेमका झाला. तिथून कर्टिसनंतर उरलेल्यांनी काढलेल्या न्यू ऑर्डरच्या 'ब्लू मंडे'पर्यंतचा रस्ता सरळ आहे.

ती: 'ब्लू मंडे' त्यांनी हॅनेटशिवाय केलं. मार्च १९८३. स्वतःच प्रोड्युसर.

मी: शिकले कुठे? कर्टिस गेल्यावर त्यांनी हॅनेटबरोबर 'मूव्हमेंट' केला. सगळेच खचलेले, हॅनेट तर फारच. तोवर दोन-अडीच वर्षं ते त्याच्या पाठीमागे बसून फेडर, डिले, सिंथेसायझर बघत होते. स्टुडिओ आपण त्याला बघून शिकलो, हे त्यांनीच सांगून ठेवलंय.

ती: म्हणजे त्याने शिकवलं नाही. ते शिकले.

मी: ...हो. असंच म्हण.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो उदास आहे. जॉय डिव्हिजनच्या रेकॉर्ड काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीत टोनी विल्सन, अ‍ॅलन इरॅस्मस, रॉब ग्रेटन, सॅव्हिल यांच्याबरोबर हॅनेटही भागीदार होता. त्याला स्टुडिओ हवा होता, फेअरलाइट नावाचं महागडं संगणकी वाद्य हवं होतं. बाकीच्यांनी पैसा हासिएंडा या क्लबमध्ये घातला, जो २१ मे १९८२ ला उघडला. हॅनेटने स्वतःच्याच कंपनीला कोर्टात खेचलं. फॅक्टरी प्रत्येक गोष्टीला क्रमांक द्यायची, तिने या दाव्यालाही दिला, फॅक ६१. शेवटी बाहेरच तडजोड झाली. मधल्या वर्षांत हेरॉइन आणि दारूने त्याला पोखरलं. १९८८ मध्ये त्याने हॅपी मंडेजचा 'बम्ड' घडवला. तो ऐकताना कळतं की कान शाबूत होता. तीन वर्षांनी हॅनेटच नव्हता. पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, फॅक्टरीचंही दिवाळं निघालं.

ती: त्याला स्टुडिओ मिळायला हवा होता. ते चुकलंच त्यांचं.

मी: तू हे म्हणतेस?

ती: त्यात काय? माझं भांडण त्याच्या वागण्याशी आहे. त्याच्या कामाचे पैसे त्याला मिळू नयेत असं मी कधी म्हटलं? मॉरिसलाही मिळावेत, त्यालाही मिळावेत.

माझं मत मी लपवत नाही. पंकला वेग आणि राग पुष्कळांनी दिला. त्याला अवकाश हॅनेटने दिला, आणि न्यू वेव्हचं बरंचसं घर त्या अवकाशात उभं आहे. भाचीला हे अर्धंच पटतं आणि तिचं अर्ध्यावर थांबणं मला रास्त वाटतं, कारण ज्याच्या मांडीवर वळ उठतात त्याच्या बाजूनेही कुणीतरी ऐकलं पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. 'अननोन प्लेझर्स'चं पहिलं गाणं, 'डिसऑर्डर', हेडफोन लावून ऐका. लगेच त्याच गाण्याचं पॅरिसचं, १८ डिसेंबर १९७९ चं ध्वनिमुद्रण ऐका. दोन्हीकडे आधी फक्त ड्रमकडे लक्ष द्या. मग अल्बमची श्रेयनामावली काढा आणि त्यातलं एकेक नाव वाचा: कर्टिस, समनर, हुक, मॉरिस, नेगल, हॅनेट.